बलेनो आरएस, फ्रॉन्क्स टर्बो: पहिला खर्च टायरवर, रिमॅपवर की सायलेन्सरवर?

सुझुकीचं एक लिटरचं बूस्टरजेट टर्बो इंजिन आपल्याकडे प्रामुख्याने दोन गाड्यांत भेटतं. बलेनो आरएस २०१७ मध्ये आली आणि २०२० मध्ये बंद झाली, आता ती फक्त सेकंडहँड मिळते. फ्रॉन्क्स टर्बो २०२३ मध्ये आली. इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन. आरएसला १०२ पीएस ताकद आणि १५० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर), फ्रॉन्क्सला १०० पीएस आणि जवळपास १४८ एनएम. हेच इंजिन युरोपातल्या बलेनोत १११ पीएस आणि १७० एनएम देत होतं. म्हणजे इथल्या गाडीत थोडी ताकद राखून ठेवलेली आहे, आणि ती बाहेर काढायचा मोह होणं साहजिक आहे.

तरीही नाशिकमध्ये चालणाऱ्या गाडीचा पहिला खर्च टायर आणि ब्रेकवर व्हावा, दुसरा रिमॅपवर (इंजिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले बदल), आणि सायलेन्सरचा विचार सगळ्यात शेवटी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण प्रत्येक जण आधी रिमॅपच विचारतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

रिमॅप की ट्यूनिंग बॉक्स

टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, असलेल्या गाडीत किती टॉर्क द्यायचा हे ईसीयूतलं (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं) सॉफ्टवेअर ठरवतं. वेस्टगेट (धूर टर्बोला टाळून बाहेर सोडणारी झडप) किती वेळ बंद ठेवायचा, स्पार्क किती आधी द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं, हे सगळे तक्ते एकमेकांना जोडलेले असतात. स्टेज १ रिमॅपमध्ये ते एकत्र बदलले जातात. इंजिनचा एकही भाग न बदलता मधल्या आरपीएमला, म्हणजे २,००० ते ४,००० च्या पट्ट्यात, गाडी लगेच वेगळी वाटते. खर्च गॅरेजनुसार साधारण २० ते ३५ हजार.

ट्यूनिंग बॉक्स बूस्टच्या (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या) सेन्सरच्या वायरिंगमध्ये बसतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवतो. कमी पडलेला बूस्ट भरून काढायला ईसीयू टर्बोला आणखी पळवतो. अडचण अशी की सिलिंडरमध्ये हवा कमी आहे असं समजून तो स्पार्कही जास्त आधी देतो. जास्त हवा आणि आधीचा स्पार्क ही जोडी नॉकिंगला (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकण्याला) आमंत्रण देते. डिसेंबरच्या पहाटे गंगापूर रोडवर काहीच जाणवत नाही. मे महिन्यात ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापलेला असतो, नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचतो आणि पैसे देऊन घेतलेला पिकअप नेमका तिथेच गायब होतो. बॉक्सच्या बाजूने एकच गोष्ट आहे: दहा मिनिटांत निघतो आणि दुसऱ्या गाडीसोबत विकता येतो. फरक पाच-दहा हजारांचा असेल तर आम्ही रिमॅपच सुचवू.

रिमॅप मुंबईत करून घेणार असाल तर एक हिशेब ट्यूनरसमोर ठेवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्के कमी असतो. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत) २०० केपीए दाब हवा असेल तर मुंबईत टर्बोला बाहेरच्या हवेचा दाब दुप्पट करावा लागतो, नाशिकला सुमारे २.१ पट. तेवढ्यासाठी टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि हवा जास्त तापते. मुंबईच्या डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) अगदी काठावर बसवलेला मॅप इथल्या उन्हाळ्यात काठ ओलांडतो. म्हणून थोडा बूस्ट राखून ठेवायला सांगा आणि परत आल्यावर नाशिकचा लॉग (गाडी चालवताना ईसीयूतून नोंदवलेले आकडे) पाठवा. रस्ता सरळ आणि मोकळा हवा, शेजारी लॅपटॉप किंवा मोबाइल सांभाळणारा माणूस हवा. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा, वेगमर्यादा आली की सोडा. लॉगमध्ये बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनाच्या मापात करत असलेली दुरुस्ती) हवेत. हा लॉग मागतच नाही असा ट्यूनर नको.

पेट्रोलचंही बोलून घ्या. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून त्याच कामासाठी इंजेक्टरला जास्त इंधन सोडावं लागतं. चार-पाच वर्षांपूर्वीचा मॅप असलेली सेकंडहँड आरएस घेत असाल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. तो सतत अधिक १० टक्क्यांच्या पुढे असेल तर मॅप नव्याने करावा लागेल, किंवा कुठेतरी हवा गळते आहे. आरएस ई२० च्या आधीच्या काळातली गाडी आहे, त्यामुळे तिचे फ्युएल होज आणि सील कडक झालेत का तेही हाताने चाचपून बघा.

रिमॅपआधी तपासायच्या गोष्टी

क्लच सगळ्यात आधी. चौथ्या गिअरमध्ये २,००० च्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला तर क्लच प्लेट आजच घसरते आहे, वाढलेला टॉर्क ती झेलणार नाही. क्लचचा खर्च रिमॅपच्या बजेटमध्येच धरा.

मग स्पार्क प्लग. बूस्ट वाढला की स्पार्क विझण्याची शक्यता वाढते, म्हणून नवे इरिडियम प्लग, आणि गॅप ट्यूनर सांगेल तेवढाच. इंटरकूलरच्या होजच्या क्लॅम्पभोवती तेलाचा ओलसर डाग असेल तर तिथून बूस्ट गळतो. जुने फॉल्ट कोड पुसण्याआधी वाचून घ्या, त्यात गाडीचा इतिहास असतो.

इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, पण एपीआय एसपी दर्जाचं घ्या. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त बूस्ट आला तर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि असा एखादाच झटका पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधली कड) तोडायला पुरतो. एसपी ऑइल हा धोका कमी करण्यासाठीच्या चाचण्यांतून गेलेलं असतं. सवयही बदलावी लागते: रिमॅपनंतर पाचव्या गिअरमध्ये १,५०० ला पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन ओव्हरटेक करायचा नाही, गिअर खाली घ्यायचा.

फिल्टर आणि सायलेन्सर

मूळ एअर बॉक्स बाहेरची थंड हवा ओढतो. त्याच बॉक्समध्ये बसणारा धुता येणारा फिल्टर चार-सहा हजारांत येतो. त्याने ताकदीत जाणवेल असा फरक स्टॉक गाडीत पडत नाही, पण नुकसानही नाही. मात्र धुतल्यावर तेल बेताने लावा, जास्त झालं तर ते पुढे सेन्सरवर जातं. उघडा कोन फिल्टर टाळा. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, टर्बोचा सुस्कारा छान ऐकू येतो आणि दुपारी गाडी स्टॉकपेक्षाही मंद होते. बंपरमध्ये खाली नेलेला पाइप तर इगतपुरीच्या पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यास पाणी सरळ सिलिंडरमध्ये नेऊ शकतो. आणि द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावकडची धूळ कागदी फिल्टरच जास्त चांगली अडवतो, हे आमचं ठाम मत.

सायलेन्सर बदलण्याने टर्बो गाडीत फारच थोडं मिळतं, कारण खरा अडथळा टर्बोला लागून असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) असतो. तो काढला तर गाडी नियमाबाहेर जाते, इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसी अडकते. नुसता मागचा सायलेन्सर बदलला तर तीन सिलिंडरची घरघर हायवेच्या वेगाला कानात बसते, पुण्यापर्यंत ती सहन होत नाही. १५ ते ३० हजार खर्चून मिळतो तो आवाज, आणि त्याच आवाजामुळे नाक्यावर गाडी थांबवली जाते.

टायर आणि ब्रेक

आरएसला १९५/५५ आर१६ टायर येतात. २०५/५५ घेतले तर बाहेरचा व्यास सुमारे १.८ टक्के वाढतो, मीटर तेवढं कमी दाखवतो आणि गिअरिंग किंचित लांब होतं. फ्रॉन्क्सला १९५/६० आर१६ असतात. तिथे २१५/५५ हा माप जवळजवळ बरोबर बसतो, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. रुंदीपेक्षा रबराचा दर्जा महत्त्वाचा: त्याच मापातला चांगला टायर ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग सुधारतो, आणि जुलैतल्या कसारा घाटात हवं असतं ते हेच. लोड आणि स्पीड इंडेक्स (टायर किती वजन आणि वेग पेलतो ते सांगणारे आकडे) मूळ टायरपेक्षा कमी नको. चार टायरना साधारण ३५ ते ४५ हजार धरा. समृद्धीवर जाणार असाल तर हवा सकाळी थंड टायरमध्ये, दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरा. मे महिन्यात काँक्रीटवर सलग १२० ने जाताना कमी हवेचा टायर सर्वाधिक तापतो, आणि फुटतो तो तोच.

ब्रेकमध्ये आरएस पुढे आहे, तिला चारही चाकांना डिस्क आहेत. फ्रॉन्क्सला मागे ड्रम. दोन्हींत पहिलं काम स्वस्त आहे: जुनं ब्रेक ऑइल काढून नवं डॉट ४ भरणं. एक लिटर पुरतं. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर मर्यादा १५५ वर येते. ओलावा धरलेलं ऑइल घाट उतरताना उकळलं तर पेडल स्पंजासारखं खाली जातं. नंतर पुढचे चांगले पॅड. मोठ्या डिस्कची गरज रिमॅपनंतरही रस्त्यावर पडत नाही.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेपासून वेगळे बदल करू देत नाही. कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रिमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून तो नियमात बसतो असं नाही, आणि न कळवलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण ठरू शकतो. जोखीम पत्करायची की नाही हे आधी ठरवा.

फ्रॉन्क्सचं गणित इथे वेगळं होतं. जुलै २०२४ पासून मारुतीची स्टँडर्ड वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर आहे. ती चालू असताना रिमॅप केला आणि टर्बो किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, तर तो खर्च स्वतःवर येऊ शकतो. शिवाय शोरूमने ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट केलं तर मॅप पुसला जातो. म्हणून नव्या फ्रॉन्क्सवाल्यांनी वॉरंटी संपेपर्यंत टायर, पॅड आणि ब्रेक ऑइलवरच थांबावं. वॉरंटी संपलेल्या आरएसला हे बंधन नाही. क्लच चांगला आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिन्ही सिलिंडरमध्ये सारखं निघालं, तर टायर-ब्रेक झाल्यावर लगेच रिमॅप करायला हरकत नाही, फक्त मूळ ईसीयू फाइलची प्रत ट्यूनरकडून मागून स्वतःजवळ घेऊन ठेवा.