अंतराळातली खोली: फुगवलेली की धातूची?

मालवणच्या किनाऱ्यावरून कधी कधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सरकताना दिसतं. २०१६ मध्ये त्याला फुगवायची एक कापडी खोली जोडली, ‘बीम’. हॉटेलवाले रॉबर्ट बिगेलो यांच्या कंपनीची.

घडीत तिची लांबी सव्वादोन मीटरहूनही कमी, फुगल्यावर ४ मीटर. सुमारे १.४ टनात १६ घनमीटर जागा. स्थानकातलीच धातूची ‘डेस्टिनी’ प्रयोगशाळा १०६ घनमीटरची, पण साडेचौदा टनांची. शिवाय धातूची खोली रॉकेटच्या टोपणापेक्षा रुंद करताच येत नाही. जागेच्या हिशेबात कापड सरळ जिंकतं.

खरी गोम घडीत आहे. २६ मे २०१६ ला फुगवणं मधेच अडकलं. कापडाचे थर ठरल्याहून जास्त काळ दाबून राहिल्याने घर्षण वाढलं होतं. वर्षभर घडीत पडलेली ताडपत्री मिरगाआधी उलगडताना अशीच अडते. २८ मे ला सात तासांत २५ वेळा झडप उघडून थोडी थोडी हवा आत सोडली, तेव्हा ती पूर्ण फुगली.

धातूच्या खोलीत पंप, पाइप, वायरी उड्डाणाआधी जमिनीवरच बसवून तपासता येतात. कापडात खिडकीच्या धातूच्या चौकटीभोवतीचा जोड नाजूक.

म्हणून अंतराळात हॉटेल बांधायचं तर हवा-पाण्याची यंत्रं आणि संडास धातूत, पाहुण्यांची मोकळी जागा कापडात. ‘बीम’चा वापर मात्र मुख्यतः सामान ठेवायलाच झाला.