ऑन्टारिओतला स्पेशल एज्युकेशनचा एक्यू: दोन भाग केल्यानंतर

इथे, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, शिक्षक म्हणून नोंदणी झाली की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "एक्यू कोणता करतेयस?" मला तो विचारला गेला तेव्हा नोंदणी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि एक्यू म्हणजे काय हेही मला धड माहीत नव्हतं. अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन. आधीच पात्र असलेल्या शिक्षकाने वर आणखी घ्यायची पात्रता. चौकट ठरवतं आणि मान्यता देतं ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्स (नावात कॉलेज असलं तरी तिथे कुणी शिकायला जात नाही, १९९६च्या कायद्याने आलेली ती नियामक संस्था आहे). कोर्स प्रत्यक्ष चालवतात ती विद्यापीठं, शिक्षक संघटना आणि काही स्कूल बोर्डं (म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था). प्रत्येक कोर्स किमान १२५ तासांचा.

मी स्पेशल एज्युकेशनचा भाग एक गेल्या सप्टेंबर ते डिसेंबरात केला आणि भाग दोन या जुलैत. दोन्ही ऑनलाइन, दोन वेगळ्या ठिकाणी. ठिकाणांची नावं मुद्दाम देत नाही. शिकवणारी व्यक्ती बदलली की तोच कोर्स ओळखू येत नाही, त्यामुळे नावावरून तुम्हाला काही कळणार नाही.

पैशाचं आधी बोलते, कारण खरं सांगायचं तर मीही त्यासाठीच गेले होते. फी दरवेळी सातशे डॉलरच्या आसपास गेली. कोर्स कॉलेजच्या नोंदीत चढला की पगार आपोआप वाढतो, ही माझी भाबडी समजूत. पगाराची श्रेणी ठरवणारी मंडळी वेगळी. आमच्या बोर्डात क्वालिफिकेशन्स इव्हॅल्युएशन कौन्सिल ऑफ ऑन्टारिओकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्याचा अर्ज वेगळा, फी वेगळी, आणि आलेलं पत्र एचआरला नेऊन द्यायचं तेही आपणच. शिवाय प्रत्येक कोर्सने श्रेणी बदलतेच असं नाही. ए-४ ही सगळ्यात वरची. तिथे पोचलेल्या माझ्या एका सहकारी बाईंनी त्यानंतर तीन एक्यू केले, पगारात एक सेंट वाढला नाही. आवड म्हणून केले म्हणतात. मी दोन करूनही आहे त्याच श्रेणीत आहे.

मग उपयोग काय झाला? भाग एकचा झाला, आणि तो एका वर्कशीटमुळे.

त्या वेळी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता, एलटीओवर, म्हणजे रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी वर्षभरासाठी. २७ मुलं. त्यातल्या सहा जणांची आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण योजना. मी महाराष्ट्रात सात वर्षं साठ-साठ मुलांच्या वर्गाला गणित शिकवलेलं. तिथल्या सवयीने माझ्या डोक्यात तीनच कप्पे होते: हुशार, मध्यम, कच्चा. आमच्याकडे 'ढ' या एका अक्षरात जे जे कोंबलं जायचं, त्याची इथे पाच गटांत विभागणी आहे: वर्तन, संवाद, बौद्धिक, शारीरिक आणि बहुविध. पहिल्याच आठवड्यात दोन धक्के बसले. लर्निंग डिसअ‍ॅबिलिटी बौद्धिक गटात नसून संवादाच्या गटात मोडते. आणि बौद्धिक गटात गिफ्टेड, म्हणजे असामान्य हुशार मुलंही येतात.

तर त्या सहांपैकी एक मुलगा. समान छेदाच्या अपूर्णांकांची बेरीज चालू होती, शाब्दिक उदाहरणं. बाकीच्यांना सहा उदाहरणांचं पान, आणि त्याला मी आकृत्या रंगवायचं तिसरीच्या पातळीचं पान दिलं. मनात भावना अशी की किती समजून घेतेय मी त्याला! आठवड्याची असाइनमेंट होती 'तुम्ही केलेलं एक अकोमोडेशन जोडा', म्हणून तेच पान जोडलं. कोर्सच्या बाईंनी शेजारी दोन ओळी लिहिल्या: हे अकोमोडेशन नाही, मॉडिफिकेशन आहे. त्याची अडचण वाचनाची आहे असं तुम्हीच वर लिहिलंय, मग त्याचं गणित का काढून घेतलंत?

दोन दिवस ते डोक्यातून जाईना. मग त्याला बाकीच्यांचंच पान दिलं, फक्त एका कागदावर एकच उदाहरण आणि प्रत्येक मी मोठ्याने वाचून दाखवलं. टाकीचा ३/८ भाग भरला, मग आणखी ४/८ भरला. मी वाचून संपवायच्या आत तो म्हणाला, "सात." मी विचारलं, "सात काय?" तर चेहऱ्यावर कंटाळा आणून म्हणाला, "सात अष्टमांश, अजून काय?" सहापैकी चार बरोबर आली. चुकलेल्या दोनांत त्याने छेदांचीही बेरीज केली होती, म्हणजे वर्गातल्या निम्म्या पोरांनी केली तीच चूक.

अकोमोडेशनमध्ये अपेक्षा तीच राहते, पोचायची वाट बदलते: जास्त वेळ, वाचून दाखवणं, शांत जागा, लिहून घ्यायला माणूस. मॉडिफिकेशनमध्ये अपेक्षाच बदलते, बहुतेकदा खालच्या इयत्तेची होते. पुस्तकात वाचून हे मलाही 'समजलेलं' होतं. पण रिपोर्ट कार्डवर प्रत्येक विषयापाशी आयईपीचा एक छोटा चौकोन असतो. मार्क बदललेल्या अपेक्षांवर दिले असतील तर तो टिक करायचा. नुसतं अकोमोडेशन असेल तर रिकामा ठेवायचा. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मी आयईपी दिसली की टिक, असं करत तीन मुलांचे चौकोन भरले होते. कुणी विचारलंही नाही. त्यांच्या घरच्यांनी तो कागद वाचून काय समजूत करून घेतली असेल, याचा आता विचार येतो.

भाग एकमधली दुसरी कामाची गोष्ट म्हणजे आयपीआरसीचं नाटक. मुलाची ओळख कोणत्या गटात करायची आणि त्याला कुठे बसवायचं हे ठरवणारी ही समिती, किमान तीन जणांची, त्यात एक प्रिन्सिपल किंवा सुपरव्हायजरी ऑफिसर असतोच. व्हिडिओ कॉलवर आम्ही पाच जणांनी खोटी मीटिंग केली आणि माझ्या वाट्याला आईची भूमिका आली. पाच मिनिटांत माझ्यावरून इतकी आद्याक्षरं गेली की मी, शिक्षक असूनही, मान डोलावत बसले. फेब्रुवारीत खऱ्या मीटिंगआधी एका आईने मला व्हरांड्यात गाठून हिंदीत विचारलं, "नाम पे ठप्पा लग जाएगा क्या?" तेव्हा ते मान डोलावणं आठवलं. मी तिला बसवलं आणि सांगितलं की या मीटिंगला हजर राहणं हा तुमचा हक्क आहे, निर्णय दरवर्षी तपासला जातो, आणि समितीने ओळख केली नाही तरी आयईपी करता येते. मीटिंगमध्ये तिने तीन प्रश्न विचारले. मी विचारले नसते असे.

आता तक्रारी. चर्चेच्या पोस्ट! दर आठवड्याला एक स्वतःची आणि दोन इतरांना उत्तरं. अर्धा वर्ग रविवारी रात्री अकरा वाजता 'छान मुद्दा' लिहून मोकळा. गटकामात आमचा एक गडी तिसऱ्या आठवड्यात गायब झाला, शेवटच्या स्लाइडवर नावापुरता उगवला आणि मार्क आमच्याइतकेच घेऊन गेला. याहून महाग पडला तो उशीर. डिसेंबरात पास झाले, पण संस्थेने कॉलेजला कळवून माझ्या नोंदीत कोर्स दिसायला सात आठवडे लागले. जानेवारीत रिसोर्स शिक्षकाची, म्हणजे आयईपीवाल्या मुलांना मदत करणाऱ्या शिक्षकाची, एक जागा निघाली, अर्जात नोंद दाखवता आली नाही, आणि हातात होतं फक्त एक ईमेल.

भाग दोनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि तीच माझी तक्रार आहे. प्रवेशासाठी भाग एक आणि वर्षभर शिकवल्याचा दाखला लागतो. कागदपत्रं झाली आणि मी उत्साहाने जुलैचा कोर्स घेतला. १२५ तास चार आठवड्यांत, म्हणजे शनिवार-रविवार सोडले तर रोजचे सहा तासांहून जास्त. वर्ग नाही, मुलं नाहीत, शंका विचारायला शेजारच्या खोलीतल्या रिसोर्सच्या बाई नाहीत. 'विद्यार्थी क्ष' नावाच्या कागदी मुलाची आयईपी लिहिली, ती छान झाली, मार्कही चांगले पडले. क्ष कधी पान फाडत नाही. त्याच्या लॅपटॉपचा पासवर्ड विसरत नाही. त्याच्या मदतनीस ताईंना सकाळी साडेदहाला दुसऱ्या वर्गात पळवून नेत नाहीत. (हे शेवटचं भाग एकमध्येही कुणी शिकवलं नव्हतं. २७ मुलांत एकटीने सहा योजना कशा चालवायच्या, याचं मॉड्यूल मला अजून कुठे सापडलेलं नाही.)

त्यामुळे कुणी विचारलं तर मी सांगते, भाग एक करा, पण वर्ग हाताशी असताना. सप्टेंबर किंवा जानेवारीचा घ्या, आठवड्याला दहा तास जातील, जेवणं उशिरा होतील, पण सोमवारी वाचलेलं मंगळवारी करून बघता येईल. सप्लायवर, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या जागी, रोज वेगळ्या शाळेत जात असाल तर थोडं थांबलात तरी चालेल. नोंदीसाठीच घाई असेल तर उन्हाळ्यातला घ्या, फक्त कोर्स संपायच्या आधीच संस्थेला विचारा की कॉलेजला कधी कळवणार, आणि उत्तर लेखी घ्या.

भाग दोननंतरचा टप्पा म्हणजे स्पेशालिस्ट. त्यासाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो, त्यातलं एक वर्ष याच विषयातलं. शाळेचं वर्ष असतं १९४ दिवसांचं आणि माझं याच विषयातलं वर्ष अजून भरत नाही. मधल्या काळात गणिताचा भाग एक करायचा विचार आहे. या वर्षी वर्ग मिळतोय का, ते पुढच्या आठवड्यात कळेल. मिळाला तरच फी भरणार.