शेड्यूल कमांडमध्ये प्लेसहोल्डर: ८ महिने वापरल्यावर

आमचा मित्रमित्रांचा छोटा माइनक्राफ्ट सर्व्हर आहे, त्यावर प्लेसहोल्डरएपीआय (%...% मध्ये लिहिलेल्या खुणेच्या, म्हणजे प्लेसहोल्डरच्या, जागी खरी माहिती भरणारं प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा जादा प्रोग्राम) आणि ठरल्या वेळी कमांड चालवणारं एक प्लगइन अशी जोडी ८ महिने झाले चालवतोय. आता काम चोख चाललंय पण पहिल्या महिन्यात डोक्याचा पार भुगा झाला होता.

दर तासाला जे ऑनलाइन असतील त्यांना एकेक हिरा द्यायचा म्हणून गिव्ह कमांडमध्ये %प्लेअर_नेम% (प्लेअरचं नाव आणणारा प्लेसहोल्डर) टाकलं आणि निवांत झोपलो, सकाळी लॉग बघतो तर रात्रभर तोच एरर, असा प्लेअरच सापडत नाही म्हणे. बरोबरच आहे, ठरल्या वेळी कमांड चालवतोय कन्सोल (सर्व्हरची स्वतःची कमांड खिडकी), आणि कन्सोल काही प्लेअर नाही, मग नाव आणणार कुठून? %सर्व्हर_ऑनलाइन% (किती जण ऑनलाइन आहेत तो आकडा) सारख्यांना माणूस लागत नाही, ते कन्सोलमधूनही मस्त चालतात. प्लगइनमध्ये 'प्रत्येक ऑनलाइन प्लेअरसाठी चालवा' असा पर्याय होता, तो लावला आणि सुटलो.

गंमत म्हणजे मी आधी टेस्ट केलं होतं! पण 'पापी पार्स मी' (papi parse me) ने केलं, ही कमांड प्लेसहोल्डर आपल्या स्वतःच्या नावावर तपासून दाखवते, आणि तेव्हा मी स्वतः गेममध्ये असल्यामुळे सगळं बरोबरच दिसणार ना. आता शेड्यूलसाठीचं काहीही त्या 'मी' च्या जागी '--नल' (म्हणजे कुठलाच प्लेअर नाही) लावूनच तपासतो. आणि प्लेसहोल्डर जसाच्या तसा टक्क्यांसकट चॅटमध्ये दिसला तर बहुतेक वेळा त्याचं एक्स्पान्शनच (तो प्लेसहोल्डर पुरवणारी जोडफाइल) टाकलेलं नसतं. यामलमध्ये (प्लगइनच्या सेटिंग्ज ज्या प्रकारच्या फाइलमध्ये लिहितात ती) ओळीची व्हॅल्यू % ने सुरू होत असेल तर अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर फाइल लोडच होत नाही.

मार्चमध्ये घोषणेत वेळ दाखवायला लागलो तर दर वेळी २०:०३, २१:०३, २२:०३. आम्हाला वाटलं शेड्यूल ३ मिनिटं मागे पडतंय, दोन दिवस तेच शोधत बसलो. वेळेच्या फॉरमॅटमध्ये एम कॅपिटल (MM) लिहिले होते, म्हणजे महिना, मिनिटांना छोटे एम (mm) लागतात. एक जण अजून 'नऊ वाजून मार्च मिनिटं' म्हणून चिडवतो.

मागे पडण्याचा खरा प्रकार वेगळाच निघाला. तासाचे ७२००० टिक (सर्व्हरच्या वेळेचे छोटे ठोके) लिहिले होते, ते २० टीपीएसला (सेकंदाला २० टिक) ठीक, पण सर्व्हर दमून १५ वर आला की तोच तास ८० मिनिटांचा होतो. सर्व्हरचा रीस्टार्ट आता टिकवर ठेवत नाही, घड्याळाच्या वेळेवर ठेवलाय, फक्त मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे ते धरून आकडा टाकावा लागतो.