सूत्र फोनमध्ये ठेवायचं की सर्व्हरवर?

भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपसाठी आमचं एक अँड्रॉइड अॅप आहे. जॉबची मापं, मटेरियल आणि नग टाकले की कोटेशन निघतं. खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं आमचं नाहीच. पीडीएफ, चार्ट, नेटवर्क सगळं बाहेरच्या लायब्ररींवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर चालतं. आमचं म्हणावं असं एकच, सेटिंगचा वेळ, टूलची झीज आणि रिजेक्शन धरून दर काढणारं सूत्र. माझे भागीदार, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, तीस वर्षं शॉपफ्लोअरवर होते. त्या अनुभवातून ते उतरलंय. चारेकशे ओळींचा एक क्लास. तो लपवायचा कसा, एवढाच प्रश्न होता.

पहिली वाट आर८ची, म्हणजे अॅप बांधताना कोड आकसून नावं बदलणाऱ्या साधनाची. २०१९ पासून तो अँड्रॉइडच्या बिल्डमध्ये डीफॉल्ट आहे, वेगळे पैसे नाहीत. नावांचं ए, बी, सी करतो, न लागणारा कोड झाडून टाकतो आणि अॅप हलकं होतं. लिहिलेल्या स्ट्रिंग आणि आकडे मात्र जसेच्या तसे राहतात, हे गृहीत धरूनच चालायचं. मी दोन वर्षं याच वाटेवर होतो. माहिती वाचणाऱ्या जीसॉन लायब्ररीचा त्रास सगळ्यांनाच झाला असेल: ते फील्डच्या नावावरून वाचतं, आर८ नाव बदलतो आणि फक्त रिलीज बिल्डमध्ये रकाने रिकामे दिसतात. प्रत्येक फील्डवर नाव पक्कं करणारी सिरियलाइज्डनेम ही खूण लावली की मिटतं. त्यावरून मी आर८ सोडला नसता.

सोडायची पाळी आली ती वेगळ्याच गोष्टीमुळे. काका एकदा सहज म्हणाले, "अरे, आपला कोड बाहेरच्याला कसा दिसतो ते दाखव की." मी मोठ्या ऐटीत प्ले स्टोअरवरचीच एपीके, म्हणजे अॅपची फाइल, कोड उलगडून दाखवणाऱ्या जॅडएक्समध्ये उघडली. समोर आमचा क्लास, त्याच्या खऱ्या नावासकट. मेथडची नावं खरी, टूलच्या झिजेचे आकडे ओळीनं मांडलेले. काका काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

कारण शोधायला रात्र गेली. बिल्डच्या आउटपुटमध्ये मॅपिंगच्या फोल्डरात कॉन्फिगरेशन नावाची टेक्स्ट फाइल असते. सगळ्या लायब्ररींनी आपापल्यासोबत आणलेले आर८साठीचे नियम तिथं एकत्र येतात आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तो कुठल्या फाइलीतून आला ते लिहिलेलं असतं. खाली खाली जाताना एका लायब्ररीच्या तुकड्यात ती ओळ सापडली: कीप (म्हणजे 'ठेवा'), क्लासच्या नावाच्या जागी दोन चांदण्या (*), महिरपी कंसात आणखी एक. म्हणजे कशालाच हात लावू नका. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या लायब्ररीपुरतं लिहिलं असेल, पण असा नियम अख्ख्या अॅपला लागू होतो. आम्ही फक्त व्हर्जन वाढवलं होतं. बिल्ड हिरवी, इशारा नाही. एपीके फुगली होती खरी, पण ते वजन मी नव्या व्हर्जनच्या माथी मारलं होतं. तीन रिलीज तसेच बाहेर गेले.

पाहुण्यानं घराचं दार उघडं टाकून जावं, तशातली गत.

मधे सूत्र सी प्लस प्लसमध्ये लिहायचाही विचार झाला. पण तसला कोड उलगडणारं घिड्रा फुकट मिळतं, आकडे तिथंही वाचता येतात, आणि जेएनआयच्या, म्हणजे अॅप आणि सी प्लस प्लसमधल्या दुव्याच्या, पलीकडचा क्रॅश शोधणं माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही. कुणाला जमत असेल.

शेवटी तो क्लास लहानशा सर्व्हरवर नेला. दोन्हीकडे भाषा कोटलिनच असल्यानं फारसं बदलावं लागलं नाही. लायसन्सच्या बाजूनंही थोडं मोकळं वाटतं. फोनमधल्या अॅपला जीपीएल या मुक्त परवान्याची लायब्ररी जोडली तर अॅप वाटताना सोर्स कोड द्यावा लागतो, तिथं आर८ काय कामाचा? सर्व्हरवर वाटपच होत नाही. एजीपीएल या त्याहून कडक परवान्याची लायब्ररी बदलून वापरत असाल तर मात्र तिथंही सुटका नाही.

सर्व्हरची दुखणी आहेतच. दरमहा भाडं, रात्री बंद पडला तर उठणारा मीच. लॉगिन असलेला कुणी हजारो मापं पाठवून सूत्राचा अंदाज काढू शकतो, म्हणून दिवसाची मर्यादा घातली. आणि पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसते. मग मापं फोनमध्ये साठतात आणि माणूस चहाला बाहेर पडला की दर येतो. एक गिऱ्हाईक अजून कुरकुरतं, आणि त्याचं चुकत नाही. पण कुठली लायब्ररी आज काय घेऊन आली, ही धास्ती माझ्यापुरती संपली.

लपवण्यासाठी आर८वर विसंबणं सोडलं, पण तो मी बंद केलेला नाही, अॅप हलकं राहतं. तुमची गिऱ्हाइकं दिवसभर ऑफलाइनच असतील तर तुम्हाला कदाचित तोच बरा. तेवढं करा, दर रिलीजला ती कॉन्फिगरेशनची फाइल उघडून चांदण्या शोधा, मग एपीके जॅडएक्समध्ये टाकून आपल्याच क्लासचं नाव शोधा. सापडलं नाही तर सोडा प्लेवर.