'डेटा करप्ट झालाय' म्हणून आमच्या पतपेढीला घातलेला गंडा

आमची वागळे इस्टेटमधल्या कामगारांची छोटी पतपेढी. सभासद, हप्ते, वारस, सगळ्या नोंदी नव्वदच्या दशकापासून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2004 मध्ये काढली आणि 2015 मध्ये उरलासुरला सपोर्टही थांबवला. त्यामुळे डेटा कधी ना कधी हलवावा लागणारच होता. वाशीत ऑफिस असलेल्या एकाने काम घेतलं. पंधरा हजार ठरले, निम्मे आगाऊ दिले. पेनड्राइव्ह देताना आमच्या खजिनदारांनी आतल्या फाइल्सची यादी छापून त्यावर त्याची सही घेतली.

एक्सेल आलं. वारसाच्या रकान्यात एकही नाव नाही, नुसते आकडे: 118, 119, 124. विचारलं तर तो लॅपटॉप घेऊन आला आणि कार्यकारिणीसमोर फाइल उघडली. पडद्यावर संदेश आला, 'मेमो फाइल इज मिसिंग ऑर इज इनव्हॅलिड', म्हणजे मेमो फाइल सापडत नाही किंवा ती ग्राह्य नाही. म्हणाला, "बघा साहेब, डेटा करप्ट झालाय. रिकव्हरीचे चाळीस हजार होतील. उशीर केलात तर आहे तेही जाईल." उद्या एखादा सभासद वारला तर पैसे कोणाच्या हातात द्यायचे, या विचाराने अध्यक्षांचा चेहरा पडला. त्या भीतीवर त्याने वीस हजार तिथल्या तिथे काढून घेतले.

खरी गोम इथेच आहे. फॉक्सप्रोत लांबलचक मजकूर (मेमो) नोंदींच्या मुख्य फाइलमध्ये, म्हणजे डीबीएफमध्ये, राहत नाही. तो त्याच नावाच्या एफपीटी फाइलमध्ये, म्हणजेच मेमो फाइलमध्ये, जातो आणि डीबीएफमध्ये फक्त तो कुठे ठेवलाय त्याचा क्रमांक उरतो. आमच्या एक्सेलमधले आकडे म्हणजे हेच क्रमांक. एफपीटी फाइल शेजारी नसली की नेमका तोच संदेश येतो. म्हणजे बिघाड काहीच नव्हता, त्याने एक फाइल बाजूला काढून ठेवली होती. सही केलेल्या यादीत ती स्पष्ट दिसते.

उलगडा खजिनदारांच्या भाचीने केला. महिन्याच्या बॅकअपच्या सीडीवर दोन्ही फाइल्स होत्या. तिने पायथन या प्रोग्रामिंग भाषेची डीबीएफरीड नावाची फुकट मिळणारी लायब्ररी (तयार कोड) घेतली आणि एका संध्याकाळीत सगळी वारसांची नावं बाहेर काढली. तिने टेबलावर ठेवलेली ती छापील पानं अध्यक्ष कितीतरी वेळ नुसती उलटत होते.

मग त्याचं बाकीचं काम तपासलं. हप्त्यांची यादी बरोबर 65,536 व्या ओळीला तुटलेली, कारण एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये त्यापुढे ओळी मावतच नाहीत. आणि खाती बंद करून गेलेले लोक पुन्हा सभासद झालेले! फॉक्सप्रोत नोंद डिलीट केली की तिच्यावर फक्त खूण पडते. पॅक ही आज्ञा दिल्याशिवाय ती फाइलमधून जात नाही. त्याने ती खूण पाहिलीच नव्हती. यातल्या काही जणांचं निधन झालंय, आणि लाभांशाच्या यादीत त्यांची नावं होती. याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

तुमच्या संस्थेत, दवाखान्यात, दुकानात असा जुना डेटा असेल तर मूळ प्रत कोणालाही देऊ नका. करप्ट असं कोणी म्हणालं तर आधी एफपीटी फाइल (डीबेस या दुसऱ्या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये असाल तर डीबीटी) जागेवर आहे का ते बघा. नुसती डीबीएफ तर लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये फुकट उघडते. नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज जुन्या प्रणालीशी जुळल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

तो आता फोन उचलत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे, सही केलेली यादी सोबत जोडली आहे. सभासदांचे पत्ते आणि खाते क्रमांक अजून त्याच्याकडे आहेत, म्हणून पतपेढीच्या नावाने फोन आला तर काहीही सांगू नका, असं पत्र आम्ही घरोघरी पाठवतोय.