वाकून बघता येत नाही, तिथेच मला फसवलं

माझी गाडी पायांऐवजी हाताने चालते. त्या हँड कंट्रोलचा रॉड ब्रेकच्या पेडलला कशाने जोडलाय, हे मला गाडी ताब्यात आल्यावर चार महिन्यांनी कळलं. पाण्याच्या नळीवर आवळतात तसल्या दोन होज क्लिपा होत्या. त्यातली एक सरकून तिरकी झाली होती आणि पेडलच्या दांडीवरचा रंग तिने खरवडून काढला होता. त्या दोन क्लिपांच्या भरवशावर मी चार महिने खडकाळ उतार उतरत होते.

पाठीच्या कण्याला मार बसल्यापासून मला कमरेखाली काही हलवता येत नाही, काही जाणवतही नाही. हात शाबूत आहेत, खांदे तर पूर्वीपेक्षा दणकट झालेत. त्याआधी दहा वर्षं मी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, चालवली होती. मार गाडीच्या अपघातात बसलेला नाही, हेही सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. मला परत कच्च्या वाटेवर जायचं होतं, एवढं साधं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाडी ऑटोमॅटिक असली की पायाची कामं दोनच उरतात, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. स्टिअरिंगच्या खाली एक लिव्हर बसवतात. पुढे ढकलला की ब्रेक, मांडीकडे खाली दाबला की अ‍ॅक्सिलरेटर. दुसरा हात स्टिअरिंगवरच्या गोल नॉबवर. डांबरी रस्त्यावर ही पद्धत कितीतरी वर्षं रुळलेली आहे. खडकांतून जाताना मात्र गणित बदलतं. गाडी हिंदकळते तसं शरीर हिंदकळतं, आणि ज्याच्या धडाला तोल नाही त्याचा हातही त्याबरोबर लिव्हरवर आपटतो. नको तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. म्हणून आधी छातीचा पट्टा आणि सीटला दोन्ही बाजूंनी आधार लागतो, लिव्हर त्यानंतर.

हे काम करणाऱ्या दोघांनी मला नकार दिला. आम्ही फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचं करतो, म्हणाले. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, ते दोघंच माझ्याशी खरं बोलले. तिसरा फोनवरच हो म्हणाला. "ताई, तुम्ही फक्त गाडी पाठवा, बाकी सगळं माझ्यावर सोडा." त्याने फोटो पाठवले, सुरेख काम होतं. तसली एखादी गाडी प्रत्यक्ष बघायची म्हटलं, तर ती कालच गिऱ्हाईक घेऊन गेलेलं असायचं. दोनदा असं झालं. त्याच वेळी ओळखायला हवं होतं. पण वर्षभर नकार ऐकलेल्या माणसाला एक होकार मिळाला की तो त्या होकाराला प्रश्न विचारत नाही. असे लोक नेमकं हेच हेरतात.

त्याने मला काय विचारलं नाही, ते बघा. इजा कण्यात किती वर आहे, धडाला तोल किती, पायांना झटके येतात का, मनगटाची पकड कशी आहे, यातलं काहीही नाही. मला एकदाही सीटवर बसवून हाताचं अंतर मोजलं नाही. गाडीचं मॉडेल विचारलं आणि सीटकव्हरचा रंग विचारला. निम्मी रक्कम आगाऊ घेतली.

मग उंचीचा खेळ सुरू झाला. माझ्या व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आहे, गाडीची सीट ९२ वर होती. सरकपट्टी लावून, वरचं हँडल पकडून मी कशीबशी चढत होते. तो म्हणाला, ऑफ-रोड म्हटल्यावर सस्पेन्शन उचलावंच लागतं. पाच सेंटिमीटर उचललं. सीट गेली ९७ वर, आणि माझं चढणं संपलं. पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "ताई, आता तुम्हाला बाहेर वळून खाली येणारी सीट घ्यावी लागेल." आधी अडचण तयार केली, मग तिच्यावरचा उपाय विकला. त्या दोन्हीचे पैसे मीच भरले.

गाडी आली तेव्हा वरून सगळं देखणं होतं. लिव्हरवर काळा चकचकीत रंग, नॉब गुळगुळीत. मी हात फिरवून बघितलं, चालवून बघितली, खूश झाले. स्टिअरिंगखाली वाकून बघायचं म्हणजे मला आधी सीटवरून उतरून जमिनीवर आडवं व्हावं लागतं. हे त्याला पक्कं माहीत होतं. दिसेल तेवढंच त्याने नीट केलं होतं.

महिन्याभरात गाडी मधूनच मरगळायला लागली. चढावर इंजिनची ताकद एकदम जायची, डॅशबोर्डवर दिवा पेटायचा, बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. त्याने कंपनीच्या सेन्सरवर ढकललं आणि नव्या पेडलचे पैसे घेतले. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. अलीकडच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि गाडीचा कॉम्प्युटर त्या दोघांचे आकडे सतत ताडून बघतो. ते जुळले नाहीत की तो इंजिनची ताकद मुद्दाम कमी करतो. माझ्या गाडीत त्या वायरी मधेच तासून, नुसत्या पिळून, वर टेप गुंडाळली होती. प्रत्येक हादऱ्याला तो जोड हलत होता.

आणि मग तो उतार. लो रेंज, म्हणजे वेग अगदी कमी ठेवणारी गिअरची जोडणी, पहिला गिअर, खाली सुटे दगड. भाऊ पुढे उभा राहून हाताने दिशा दाखवत होता. मी लिव्हर पुढे ढकलला, तो गेलाही, पण गाडी हवी तशी आवळली नाही. आणखी ढकलला. हाताला काहीतरी सरकल्यासारखं जाणवलं, आणि लिव्हर पार पुढे जाऊन टेकला. लो रेंजमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, म्हणून वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता. मी लिव्हर सोडला, हँडब्रेक ओढला आणि नॉबने गाडी बाजूच्या मातीच्या दरडीत घातली. भाऊ उडी मारून बाजूला झाला होता. त्याने दार उघडलं आणि बोलायच्या आधी माझ्या पायाकडे बघत राहिला. माझा उजवा पाय ब्रेकच्या पेडलखाली गेला होता. म्हणजे क्लिप सरकली नसती, तरी ब्रेक पूर्ण लागला नसता.

मला काहीच कळलं नव्हतं. झटका आला की पाय आपोआप कुठेही जातो, म्हणून पेडलसमोर आडवा पत्रा लावतात. माझ्या गाडीतला पत्रा दोन बारीक स्क्रूंनी प्लॅस्टिकमध्ये अडकवलेला होता, तो निघून पडला होता. संध्याकाळी बूट काढला तेव्हा अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं दिसलं. दुखलं असतं तर उतारावरच समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीतले एक जुने मेकॅनिक काका आले. भावाने स्टिअरिंगखाली मोबाइल धरला, मी शेजारी खुर्चीत बसून दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉलमध्ये बघत होते. काका एकेक गोष्ट बोटाने दाखवत होते आणि गप्प होते. होज क्लिपा तर सांगितल्याच. बोल्टच्या डोक्यावर कसलाच आकडा नव्हता. जोर येणाऱ्या जागेच्या बोल्टवर निदान ८.८ असं कोरलेलं असायला हवं. पहिला आठ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा, पुढचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत न वाकणारा. नट साधे, हादऱ्याने सैल होणारे, आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे घट्ट राहतात तसले नव्हेत. लिव्हरचा ब्रॅकेट चक्क स्टिअरिंग कॉलमच्या आवरणाला वेल्डिंग केलेला होता. टक्कर झाली तर तो कॉलम आत दबावा आणि छातीचा मार कमी व्हावा, अशी त्याची रचना असते. वेल्डिंग करून ती रचनाच बाद केली होती. वेल्डिंगवर गंज चढलेला आणि गंजावर तोच चकचकीत काळा रंग.

सीटखाली बघितल्यावर काका पहिल्यांदा बोलले. कंपनीच्या सीटच्या कडेला एअरबॅग होती. ती सीट काढल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागायला हवा होता. तो लागू नये म्हणून मोकळ्या कनेक्टरमध्ये एक बारीक रेझिस्टर खोचला होता, म्हणजे कॉम्प्युटरला वाटावं की एअरबॅग जागेवरच आहे. "हे चुकून होत नाही पोरी," काका म्हणाले. इथपर्यंत मी स्वतःला समजावत होते की तो अडाणी असेल, घाईत असेल. त्या रेझिस्टरने तो विषय संपवला.

वर्कशॉपवाल्याने आधी टोलवाटोलवी केली, मग हात वर केले. ऑफ-रोड नेल्यावर वॉरंटी नसते म्हणाला, जी गाडी त्याने ऑफ-रोडसाठीच बनवली होती. बिल काढून बघितलं तर त्यावर फक्त 'अ‍ॅक्सेसरीज व फिटिंग' एवढंच. हँड कंट्रोल हा शब्दही नाही. मूळ सीट मागितली तर भंगारात दिली म्हणाला. विमा कंपनीला बदल कळवायची गरज नाही, हेही त्यानेच सांगितलं होतं, आणि मी ऐकलं होतं. पैशांपैकी आजवर काही परत आलेलं नाही. व्हिडिओ, बिल आणि काकांनी लिहून दिलेली तपासणी जोडून तक्रार केली आहे, ती चालू आहे.

तुम्ही असं काम करून घेणार असाल तर एवढं ऐका. काम चालू असताना घरचं कुणीतरी तिथे जाऊ द्या आणि पॅनल बंद व्हायच्या आधी प्रत्येक जोडाचा फोटो घ्या. ज्याला फोटो नको असतात त्याच्याकडून गाडी उचला. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत भरून घरी आणा. बिलावर प्रत्येक वस्तू नावानिशी लिहून घ्या आणि विमा कंपनीला आधी कळवा. एक परीक्षा सपाट जागेवर स्वतः करा: इंजिन बंद ठेवून लिव्हर चार-पाच वेळा ढकला. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि लिव्हर जड होतो. खडकात इंजिन बंद पडलं तर हातात एवढंच उरतं. आता सगळा जोर लावून दाबा आणि दुसऱ्याला खाली बघायला सांगा, काय वाकतंय, काय सरकतंय. मी पहिल्या दिवशी हे केलं असतं तर ती क्लिप गाडी उभी असतानाच सरकली असती.

आता काम दुसऱ्याकडे दिलंय, पहिल्या नकार देणाऱ्या दोघांपैकीच एकाकडे. त्याने पहिल्या दिवशी गाडीला हातही लावला नाही. दीड तास मला सीटवर बसवून ठेवलं, हात कुठवर पोचतो ते मोजलं, सीट वाकडी करून मी कोणत्या बाजूला कलते ते बघितलं, कच्च्या रस्त्यावर कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं तेही स्पष्ट सांगितलं. उचललेलं सस्पेन्शन खाली आणलंय. बसवलेल्या प्रत्येक नटावर त्याने नट आणि ब्रॅकेट दोन्हींवरून जाईल अशी पिवळ्या रंगाची रेघ ओढलीय. नट फिरला तर रेघ तुटते. गाडी काढायच्या आधी भाऊ खाली मोबाइल धरतो आणि मी रेघा बघते.

कंपनीची सीट अजून मिळालेली नाही. ती एअरबॅगसकट बसेपर्यंत मी उतारावर जाणार नाही.