शार्प्स कंटेनर: डबा झकास, पण लावायचा कुठे ते बघा

आमच्या वॉर्डात वापरलेल्या सुया टाकायचे नवीन डबे आलेत, आता बऱ्यापैकी वापरून झालेत म्हणून लिहितेय. प्लास्टिक जाड आहे, सुई आरपार येत नाही, बाहेरून आत किती भरलंय ते दिसतं आणि तीन चतुर्थांशावर रेघ आहे. ती रेघ शोभेला नाहीये हो! रेघेपर्यंत आलं की डबा बंद करून बदलायचा, पण "अजून चार सुया मावतील" म्हणून वरून दाबणारे महाभाग प्रत्येक शिफ्टला असतातच, आणि मग टोचतं ते डबा उचलणाऱ्या मावशींना.

झाकणाला खाच आहे, सिरिंजची सुई तिच्यात अडकवून एका हाताने काढता येते. पण झाकण जाम घट्ट बसतं, ग्लोव्ज घातलेले असले की दुसरा हात लावावाच लागतो, आणि ज्याच्या हातात उघडी सुई आहे त्याचा दुसरा हात तिथे यायलाच नको ना. कंपनीने हे कुणा नर्सला विचारून केलं असतं तर बरं झालं असतं.

खरी गंमत जागेची आहे. आमच्याकडे आधी डबा नर्सिंग स्टेशनच्या कोपऱ्यात ठेवला होता. इंजेक्शन पेशंटच्या बेडवर द्यायचं आणि उघडी सुई घेऊन तिथपर्यंत चालत जायचं, मग कोण काय करणार, टोपण परत लावणार, आणि बोटाला टोचतं ते नेमकं तेव्हाच. आता डबा ड्रेसिंग ट्रॉलीलाच अडकवलाय, सुई काढली की सरळ आत, टोपणाचा विषयच संपला. ट्रेनिंगची लेक्चरं झाली, भिंतीवर पोस्टर लागले, पण फरक पडला तो ह्या एका हुकाने, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना हे सगळं अति वाटतं त्यांच्यासाठी: एचआयव्हीच्या पेशंटची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के, पण हिपॅटायटिस बी ची, लस घेतलेली नसेल तर, ६ ते ३० टक्के. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि लसीचा तिसरा डोस राहिलाय त्याचं कुणाला काही नाही!

आणि टोचलंच तर बोट पिळत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. "सिनियर ओरडतील" म्हणून गप्प बसणाऱ्या नवीन पोरी मी बघितल्यात.

पाचपैकी चार स्टार, एक झाकणापायी कापला. घेताना हुकवालाच मागा, नुसता टेबलावर ठेवायचा घेतलात तर धक्का लागून आडवा होतो.